बाळंतिणीची डोकेदुखी : थकवा की धोक्याची सूचना?

(सिनेगॉगच्या महिला मंडळाच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. वक्त्या निवृत्त परिचारिका असून त्यांनी मुंबईत व नंतर इस्राएलमध्ये प्रसूती विभागात सेवा केली आहे. मजकूर त्यांनी स्वतः तपासून दिला आहे.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून दोघी-तिघींनी मला दारातच अडवले. "सिस्टर, अर्धांगवायू हा म्हाताऱ्या माणसांचा आजार. त्याचा बाळंतिणीशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. ज्याला आपण अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतो, डॉक्टर स्ट्रोक म्हणतात आणि इथे हिब्रूत शावात्स मोही म्हणतात, तो बहुधा उतारवयातच येतो. परंतु तरुण, धडधाकट स्त्रीच्या आयुष्यातही असा एक काळ असतो, ज्यात हा धोका वाढतो. गर्भारपणाचे शेवटचे महिने, प्रसूतीचा दिवस आणि त्यानंतरचे काही आठवडे, हा तो काळ.

घाबरवण्याचा माझा हेतू नाही, म्हणून आकडा आधीच सांगते. दर एक लाख गर्भारपणांत सुमारे ३० स्त्रियांना हा आजार होतो. म्हणजे तीन हजारांहून अधिक मातांमध्ये एकीला. तुमच्या-माझ्या घरात तो येण्याची शक्यता थोडी; पण जिथे येतो तिथे आई आणि तान्हे मूल या दोघांचे आयुष्य एका तासात बदलून जाते. आणि पुष्कळ वेळा तो येण्यापूर्वी सूचना देतो. ती सूचना प्रथम डॉक्टरांच्या कानी पडत नाही. बाळंतिणीच्या खोलीत डॉक्टर नसतो; तिथे सासू असते, आई असते, मावशी असते. म्हणून ज्यांची बाळंतपणे कधीच आटोपली, अशा आपणांसमोर मी आज हे बोलत आहे.

मुंबईतील एक रात्र

गोष्ट १९७१ सालची. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात मी परिचारिकेच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रसूती विभागात रात्रपाळी होती. चाळीस खाटा, आम्ही दोघी शिकाऊ मुली आणि रक्तदाब मापण्याचे एकच यंत्र. कोपऱ्यातील खाटेवर एक बाळंतीण होती. पहिलटकरीण, पाचवा दिवस, प्रसूती सुखरूप झालेली. रात्री एकच्या सुमारास तिने मला हाक मारली. म्हणाली, "सिस्टर, डोके फुटते आहे हो. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

मी तिच्या पायांची सूज पाहिली, आणि बाळंतपणात सूज असायचीच, असे मनाशी म्हटले. बाळ दोन रात्री रडत होते, तेव्हा तिला झोप नाही, हेही मला ठाऊक होते. मी तिला गरम चहा दिला, डोकेदुखीची एक गोळी दिली आणि सांगितले, "जरा पड, बरे वाटेल." यंत्र विभागाच्या दुसऱ्या टोकाला होते. ते मी आणले नाही.

पहाटे चारला तिला आकडी आली. डॉक्टर धावून आले, औषधे दिली, रक्तदाब मापला तो अतिशय चढलेला होता. सकाळ झाली तेव्हा तिचा उजवा हात व उजवा पाय हलत नव्हते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती जगली. काही आठवड्यांनी भिंतीला धरून चालूही लागली. परंतु घरी गेली तेव्हा तिला आपल्या मुलाचे नाव उच्चारता येत नव्हते.

मला कोणी दोष दिला नाही. मोठ्या सिस्टरांनी मला जवळ बसवून एवढेच विचारले, "मापायला किती वेळ लागला असता?" तीन मिनिटे लागली असती. त्या तीन मिनिटांचा हिशेब मी पन्नास वर्षे करीत आले आहे. मापले असते तर ती निश्चित वाचली असती, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण तिला एक संधी मिळाली असती, आणि ती संधी माझ्या हातात होती. त्यानंतर सेवेच्या अखेरच्या दिवसापर्यंत, बाळंतिणीने डोके दुखते म्हटले की मी आधी तिचा रक्तदाब मापला, मग बाकीचे बोलले.

शरीरात काय घडते?

मेंदूला सतत ताजे रक्त लागते. ते नेणाऱ्या धमनीत गुठळी अडकली, तर त्यापुढचा भाग उपाशी पडून मरू लागतो. धमनी फुटली, तर बाहेर सांडलेले रक्त मेंदूला दाबते. तिसरा प्रकार बाळंतिणींत विशेष पाहावा लागतो. मेंदूतून वापरलेले रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होते, रक्ताचा निचरा थांबतो आणि मेंदूत दाब वाढत जातो. पहिले दोन प्रकार बहुधा अचानक येतात. तिसरा कित्येकदा दिवसांमागून दिवस डोकेदुखीच्या रूपाने दबक्या पावलांनी येतो.

आता गर्भारपणातच हे का? परमेश्वराने स्त्रीचे शरीर मोठ्या दूरदृष्टीने घडवले आहे. वार सुटताना आईचा रक्तस्राव आटोक्यात राहावा, म्हणून गर्भारपणात रक्त अधिक लवकर गोठू लागते. हीच गोष्ट तिला वाचवते, आणि क्वचित हीच तिच्या शिरांत गुठळी करते. शिवाय या काळात अंगातील रक्त सुमारे दीडपटीपर्यंत वाढते व हृदयाला अधिक काम पडते. प्रसूतीनंतर अंगात साठलेले पाणी पुन्हा रक्तात उतरू लागते. त्यामुळे रक्तदाबाची सर्वांत चढती वेळ प्रसूतीच्या दिवशी नव्हे, तर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास येते.

हा मुद्दा ध्यानात ठेवा. इथल्या रुग्णालयातून सुरळीत प्रसूती झालेली आई दोन-तीन दिवसांत घरी येते. म्हणजे रक्तदाब चढण्याची वेळ आणि रुग्णालयाचे दार मागे बंद होण्याची वेळ जवळजवळ एकच. पुढे आठव्या दिवशी ब्रित मिला असते. घर पाहुण्यांनी भरलेले, भटारखाना चालू, सर्वांचे डोळे बाळावर. अशा गर्दीत आई म्हणाली की डोके दुखते, तर आपण काय म्हणतो? "दुखणारच गं, जरा दम धर, पाहुणे गेले की झोप."

रक्तदाबाचा विकार

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाणे किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांना त्रास होणे, या विकाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. आपल्या मुली-सुना त्याला राएलेत हेरायोन म्हणतात. यात रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर बिघडते. मेंदूतील बारीक वाहिन्या पाझरू लागतात, मेंदूला सूज येते, दृष्टी धूसर होते, आकडी येते. आणि दाब फार चढला तर वाहिनी फुटते. तिपात हलावमध्ये दर भेटीस हाताला पट्टा बांधतात व लघवी तपासतात ती याचसाठी. "सगळे ठीक आहे, या वेळी नाही गेले तरी चालेल," असे सुनेला कधीही म्हणू नका.

पुष्कळांचा समज असा, की मूल जन्मले म्हणजे हा विकार संपला. पुष्कळदा तो ओसरतोही. परंतु काही जणींत तो प्रसूतीनंतरही राहतो, आणि काहींमध्ये तर गर्भारपणभर रक्तदाब उत्तम असूनही प्रसूतीनंतरच प्रथम उद्भवतो, बहुधा पहिल्या काही दिवसांत, क्वचित सहा आठवड्यांपर्यंत. म्हणून "नऊ महिने तिला काहीच नव्हते" हा युक्तिवाद इथे कामाचा नाही.

आमच्या उमेदवारीच्या काळी आकडी आलेल्या बाईला अंधाऱ्या, निवांत खोलीत ठेवीत, गुंगीची औषधे देत आणि दारावर हळू चालण्याची ताकीद असे. पुढे मॅग्नेशियम सल्फेटचा वापर सर्वत्र वाढला. २००२ साली ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या साध्या, स्वस्त औषधाने आकडीचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, हे सिद्ध झाले. ते चालू असताना आम्ही गुडघ्यावर हातोडी मारून पाहत असू, श्वास मोजत असू, लघवीचे माप ठेवीत असू, कारण मात्रा जास्त झाली की प्रथम गुडघ्याची उसळी नाहीशी होते. तुमच्या सुनेला रात्री-अपरात्री उठवून सिस्टर असे काही करीत असेल, तर तिच्यावर रागावू नका.

घरी रक्तदाब मापायचा असेल तर तिला पाच मिनिटे शांत बसू द्या, पाठ टेकलेली, हात टेबलावर. आकडा १४०/९० किंवा वर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. १६०/११० किंवा वर असेल, तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मापा आणि तोच राहिला तर बरे वाटत असले तरी थेट रुग्णालयात जा. त्याबरोबर डोके दुखत असेल, तर पंधरा मिनिटेही थांबू नका. एवढ्या दाबावर तासाभराच्या आत औषध मिळायला हवे.

पाणी, शेक आणि आजीची शिकवण

आता जे बोलणार आहे, त्यावर काही आजीबाई रागावतील; पण मीही आजीच आहे. कोकणातून आपण आणलेली बाळंतपणाची रीत पुष्कळ अंशी उत्तम आहे. तेलाने अंग चोळणे, सुंठ घातलेले गरम अन्न, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि आईला घरकामापासून सुटका. परंतु एका बाबतीत आपल्या वाडवडिलांचे चुकले. "पाणी जास्त प्यायलीस तर पोट सुटेल," असे म्हणून बाळंतिणीला घोटभर पाणी मोजून द्यायचे, आणि बंद खोलीत शेगडीच्या शेकाने तिला घाम काढायचा.

रक्त आधीच लवकर गोठणारे, त्यात अंगातील पाणी आटले की ते अधिक दाट होते आणि मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. भारतात प्रसूतीनंतरचा हा विकार डॉक्टरांना फार पूर्वीपासून परिचित आहे. मदुराईचे डॉ. के. श्रीनिवासन यांनी गर्भारपणात व प्रसूतीनंतर मेंदूत गुठळी झालेल्या १३५ स्त्रियांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला होता. बाळंतिणीला पाणी तोडण्याच्या रिवाजाकडे भारतीय डॉक्टरांनी वेळोवेळी बोट दाखवले आहे.

आपण तर आता नेगेवच्या कडेला राहतो. इथे हमसीन वाहू लागले की धडधाकट माणसाचेही ओठ सुकतात. अंगावर पाजणारी आई तहान लागेल तेवढे, आणि तहानेच्या थोडे पुढे, पाणी पिऊ दे. लघवीचा रंग फिकट राहिला म्हणजे पाणी पुरेसे. गरम हवे तर गरम द्या, ओवा-बडीशेप घालून द्या, पण द्या. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की तिला उठून चालू द्या. सव्वा महिना खाटेला खिळवून ठेवणे म्हणजे पायांतील शिरांत गुठळीला आमंत्रण देणे होय.

चाळीस आणि ऐंशी

हा धोका किती दिवस राहतो? कॅलिफोर्नियातील सुमारे १७ लाख प्रसूतींचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात अर्धांगवायू, हृदयविकाराचा झटका आणि पायांतील किंवा फुप्फुसांतील गुठळ्या हे सर्व एकत्र मोजले होते. पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका एरवीच्या सुमारे दहापट आढळला. सातव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत सुमारे दुप्पट.

हे वाचले तेव्हा मला तोरातील वायिक्रा ग्रंथाचा बारावा अध्याय आठवला. मुलगा झाला तर ४० दिवस आणि मुलगी झाली तर ८० दिवस, ही मोजणी आपल्या आज्या किती कसोशीने पाळीत! ती मोजणी शुद्धीची आहे, वैद्यकाची नाही. दोहोंची मी गल्लत करीत नाही. परंतु स्मरणासाठी ती फार सोयीची आहे. ४० दिवस म्हणजे जवळजवळ सहा आठवडे, तोवर डोळ्यांत तेल घालून जपा. ८० दिवस म्हणजे जवळजवळ बारा आठवडे, तोवर सावध राहा. मूल मुलगा असो की मुलगी, आईच्या बाबतीत दोन्ही आकडे लक्षात ठेवा.

कोणती डोकेदुखी साधी नव्हे?

बाळंतिणीचे डोके अनेक कारणांनी दुखते आणि बहुतेक वेळा ते साधे असते. मग ओळखायचे कसे?

क्षणार्धात वीज कोसळावी तशी आलेली, आयुष्यात कधी इतकी झाली नव्हती अशी डोकेदुखी, ही नेहमीच तातडीची समजावी. दिवसागणिक वाढणारी आणि गोळीने न हटणारी डोकेदुखी तितकीच गंभीर. डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे काजवे, अंधुक दिसणे, एकाचे दोन दिसणे, उलट्या, छातीखाली उजव्या बाजूस दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, बोलण्यात गोंधळ किंवा आकडी यांपैकी काहीही असेल, तर वाट पाहू नये.

एपिड्युरल घेतलेल्या बाईलाही डोकेदुखी होऊ शकते. पाठीतील सुईच्या जागेतून पाणी झिरपल्याने ती होते. तिची खूण अशी, की बसले किंवा उभे राहिले की दुखते आणि आडवे झाले की उतरते. याउलट, आडवे झाल्यावर, खोकल्यावर किंवा वाकल्यावर जी वाढते, ती मेंदूतील दाब वाढल्याची असू शकते. ही खूण शंभर टक्के अचूक नाही. म्हणून एपिड्युरलची म्हणून सांगितलेली डोकेदुखी बदलली किंवा उतरेना, तर पुन्हा दाखवावे.

आणि अर्धांगवायूची उघड लक्षणे तर सर्वांनी पाठ करावीत. चेहरा, हात, वाणी, वेळ. हसायला सांगा, तोंड एका बाजूस वाकडे होते का? दोन्ही हात उचलायला सांगा, एक खाली येतो का? साधे वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का? यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर ती सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा आणि फोन उचला.

फोन कोठे आणि काय सांगावे?

मागेन दाविद अदोमचा क्रमांक १०१. आपल्यातील कित्येक वडीलधाऱ्यांना हिब्रू बोलण्याचा संकोच वाटतो, म्हणून चार शब्द लिहून फ्रिजवर चिकटवा. "शावात्स मोही" म्हणजे मेंदूचा झटका. "अहरे लेदा" म्हणजे प्रसूतीनंतर. "बेहेरायोन" म्हणजे गर्भवती. एवढे तीन शब्द आणि आपला पत्ता पुरेसा आहे. तिची प्रसूती नुकतीच झाली आहे, हे रुग्णालयातही प्रत्येकाला सांगा. तरुण मुलगी पाहून कोणाच्या मनात अर्धांगवायू येत नाही. तो विचार तुम्ही त्यांच्या मनात आणा.

गाडी येईपर्यंत तिला कुशीवर निजवा, गर्भवती असेल तर डाव्या कुशीवर. तोंडात पाणी, चहा, औषध काहीही घालू नका. गिळता येत नसेल तर ते छातीत जाईल. घरात ॲस्पिरिनची गोळी असली तरी देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे मेंदूचे चित्र काढल्याशिवाय कोणालाच कळत नाही. आकडी आली तर दातांत चमचा घालू नका, नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका; आजूबाजूच्या कठीण वस्तू दूर करा आणि किती वेळ आकडी चालली, ते पाहा.

गर्भवतीच्या डोक्याचे सीटी स्कॅन करण्यास घरचे लोक भितात. डोक्याच्या तपासणीत पोटातील बाळापर्यंत पोचणारी किरणे अगदी नगण्य असतात. तपासणी टाळण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. धमनीतील गुठळी असेल तर पहिल्या साडेचार तासांत ती विरघळवण्याचे औषध देण्याचा विचार होतो, आणि मोठी गुठळी मांडीतील धमनीतून बारीक नळी घालून ओढूनही काढता येते. गर्भवतीलाही हे उपचार निषिद्ध नाहीत. डॉक्टर दोन्ही जिवांचा तोल पाहून ठरवतात. म्हणूनच म्हणते, वेळ लक्षात ठेवा.

शब्बाथ आणि योम किप्पूर

मी रब्बी नाही; पण प्रसूती विभागात आयुष्य घालवल्यामुळे हा नियम मला शिकावा लागला. आपल्या शास्त्रकारांनी बाळंतिणीचा धोका फार पूर्वी ओळखला होता. शब्बाथ नावाच्या तलमुदातील प्रकरणात आणि शुल्हान आरुखमध्ये सांगितले आहे, की प्रसूतीनंतरचे पहिले तीन दिवस तिच्यासाठी शब्बाथ मोडावा, ती गरज नाही म्हणाली तरीही. तिसऱ्यापासून सातव्या दिवसापर्यंतही मोडावा, मात्र मला गरज नाही असे ती स्वतः म्हणाली तर नव्हे. आणि जिवाला धोका असेल तेव्हा दिवस मोजायचेच नाहीत; तेव्हा पिक्कुआह नेफेशचा नियम लागू. तिथे विचारीत बसणाऱ्यापेक्षा तत्काळ धावणाऱ्याची प्रशंसा केलेली आहे.

योम किप्पूरचा उपवासही तसाच. पहिल्या तीन दिवसांतील बाळंतिणीने उपवास करूच नये. सातव्या दिवसापर्यंत तिने गरज आहे म्हटले तर तिला खाऊ-पिऊ द्यावे. त्यापुढे मात्र तिच्या प्रकृतीवर अवलंबून. जिला रक्तदाबाचा विकार झाला आहे किंवा पूर्वी कधी गुठळी झाली आहे, तिने सणापूर्वीच डॉक्टरांना विचारून रब्बींचा निर्णय घ्यावा. पंचवीस तास पाण्यावाचून राहणे तिच्यासाठी निराळी गोष्ट आहे.

या नियमाचे महत्त्व मला एका घटनेने पटले. माझ्या नात्यातील एक सून, प्रसूतीला अकरा दिवस झालेले. दोनच दिवसांपूर्वी डोकेदुखी एपिड्युरलमुळे असावी, असे तिला सांगण्यात आले होते. शुक्रवारी संध्याकाळी किद्दूश झाल्यावर ती आडवी झाली आणि कण्हू लागली. मी सहज विचारले, "निजल्यावर कमी होते की वाढते?" म्हणाली, "मावशी, निजल्यावर जास्त." तिची सासू घाबरली, पण मुलगीच म्हणाली, "शब्बाथ संपू द्या, उद्या रात्री जाऊ." मी कोणाचीही परवानगी न मागता १०१ फिरवला. मेंदूच्या शिरेत गुठळी निघाली. क्लेक्सेनची इंजेक्शने आणि पुढे काही महिने गोळ्या, एवढ्यावर ती पूर्ण बरी झाली. त्या बाळाने परवा सिनेगॉगमध्ये वाटलेली मिठाई आपण सर्वांनी खाल्ली आहे.

आधी आणि नंतरची काळजी

ज्यांना रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, काजवे दिसून होणारी अर्धशिशी, हृदयाचा किंवा रक्त गोठण्याचा विकार आहे. ज्यांना पूर्वीच्या बाळंतपणात राएलेत हेरायोन झाले होते. ज्यांचे वय अधिक आहे किंवा ज्या धूम्रपान करतात, त्यांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगावे. घराण्यात कोणाला तरुणपणी गुठळी झाली असेल, तर ती गोष्टही झाकून ठेवू नये; लग्नाच्या बाजारात अशा गोष्टी लपवण्याची आपली जुनी खोड आहे. जिला प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका अधिक आहे, तिला डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर रोज अल्प मात्रेत ॲस्पिरिन सुरू करतात. ती सल्ल्यानेच घ्यावी.

आजारातून उठलेल्या आईला अंगावर पाजता येईल का, असे हमखास विचारतात. रक्तदाबाची अनेक औषधे तसेच हेपॅरिन व वॉर्फरिन घेत असताना पाजता येते. पण प्रत्येक औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे. गुठळी झालेल्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात. पाळणा लांबवण्याचे दुसरे मार्ग आहेत. पुढचे मूल हवे असल्यास आधी सल्ला घ्यावा. पुष्कळ जणींना ते सुखरूप होते. आणि हात, पाय, वाणी सुधारण्यासाठीचे व्यायाम पहिल्या दिवसापासून, चिकाटीने चालू ठेवावेत. तरुण मेंदू पुष्कळ परत मिळवतो. त्या काळात तिचे रडू आले तर "बाळ आहे ना, मग का रडतेस?" असे म्हणू नये. खिन्नता हाही या आजाराचा एक भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत.

एक गोष्ट या सभेतील माझ्या वयाच्या भगिनींसाठी. जिला तरुणपणी बाळंतपणात रक्तदाब चढला होता, तिला उतारवयात हृदयविकार व अर्धांगवायूचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. चाळीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट तुम्ही विसरला असाल; कुपात होलीममधील आपल्या डॉक्टरांना ती या आठवड्यात जाऊन सांगा.

शेवटी एवढेच मागते. आपल्यापैकी कोणाच्या घरी पुढच्या वेळी ब्रित मिला किंवा मुलीचे नामकरण असेल, तेव्हा बाळाला आशीर्वाद देऊन झाल्यावर दोन मिनिटे आईजवळ बसा. तिला विचारा, "डोके दुखते का? नीट दिसते का? पाणी प्यायलीस का?" घरात रक्तदाबाचे यंत्र असेल तर पट्टा बांधा. मुंबईतील त्या खाटेवरच्या मुलीला हे विचारायला मी चुकले. तुम्ही चुकू नका.

परमेश्वर आपल्या घरांतील सर्व मातांना आणि लेकरांना आरोग्य देवो. शब्बाथ शालोम.